पडद्याआडचे ड्रिलमास्तर

घराला रंग लावायचं काम सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्यांनी सासूबाईंपुढे ब्रश खाली ठेवले. "बाई, एक तर आम्ही राहतो, नाही तर मास्तर राहू देत," त्यांच्यातला मोठा म्हणाला. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. घरचे यजमान उभी हयात शाळेत ड्रिलमास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या गळ्यातली शिट्टी तेवढी निघाली, आवाज तसाच राहिला. शिडीवर चढणाऱ्याला ते खालून 'पाठ ताठ' म्हणून दटावत. एक रंगारी दम खायला भिंतीला टेकला, तर त्याला त्यांनी गच्चीला धावत फेरी मारायला लावली. तो बिचारा मारूनही आला.

"अगं, यांना तुझ्याबरोबर घेऊन जा," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "रंग होईपर्यंत."

"आई, मी प्रयोगशाळेत जाते, बागेत नाही."

"मग बरंच आहे की. तिथे रंगारी नसतील."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो दाढी करत होता. घरात असा काही पेच आला की त्याची दाढी फार वेळ चालत असे, आणि आज तर तो तिसऱ्यांदा साबण लावत होता. शेवटी ती म्हणाली, "चला बाबा." सासूबाईंनी घाईघाईने दोघांचा डबा भरला आणि मास्तर फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.

सून एका संशोधन संस्थेत होती आणि तिचं काम काय आहे, हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. "तिचा एक मोठा फ्रिज आहे, त्यात ती काहीतरी मोजते," असं सासूबाई शेजारी सांगत. हे वर्णन आखूड होतं, पण खोटं नव्हतं. छतापासून टांगलेलं एक पिंप होतं, आणि त्याच्या पोटात अशी थंडी होती की तिच्यापुढे हिमालयसुद्धा उबदार वाटावा. तळाशी नखाएवढी चिप. चिपवर क्वांटम डॉट, म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनला राहता येईल एवढीशी खोली. त्या इलेक्ट्रॉनचा स्पिन वर आहे की खाली, एवढंच सुनेला ओळखायचं होतं. 'एवढंच' हा शब्द तिच्या सरांचा. तिची त्या 'एवढंच'मध्ये उमेदीची वर्षं गेली होती.

आणि आता वेळ अगदी गळ्याशी आली होती. त्या फ्रिजवर शेजारच्या लेझरवाल्यांचा डोळा होता. महिनाअखेरीस बाहेरून तपासनीस बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर स्पिन स्वच्छ वाचून दाखवला तर फ्रिज सुनेकडे राहणार, नाही तर लेझरवाल्यांकडे जाणार. फ्रिज दुसऱ्याला द्यायचा म्हणजे आधी गरम करायचा, आणि गरम केला की चिपमधली जीव ओतून बसवलेली सगळी घडी विस्कटणार. ती पुन्हा तशीच बसेल याची खात्री नव्हती. आणि स्क्रीनवर सध्या खरखरीशिवाय काहीही दिसत नव्हतं.

प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर सुनेने मास्तरांना बजावलं. "बाबा, इथे कशालाही हात लावायचा नाही. इकडचा स्क्रू तिकडे झाला तरी माझं काम बोंबलतं."

"मला शिस्त शिकवतेस?" मास्तर म्हणाले, पण खूश होऊन. नियम कडक असले की त्यांना घरच्यासारखं वाटे.

फ्रिजच्या मागे, उपकरणांच्या उंच कपाटाआड एक जुनी खुर्ची होती. तिथे तिने त्यांना बसवलं आणि जाता जाता, सासऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून, कामही समजावलं. "इलेक्ट्रॉनचा स्पिन वर असला की त्याच्यात जरा जास्त जोर असतो. तो खोलीतून बाहेर उडी मारतो. खाली असला तर आत बसून राहतो. खोलीच्या दाराशी आमचा सेन्सर असतो. कोणी बाहेर पडलं की स्क्रीनवरच्या रेघेला उंचवटा येतो."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे वर्गातून पळाला तो वात्रट आणि बसून राहिला तो शहाणा. आणि दाराशी शिपाई."

"अगदी तसंच," सून म्हणाली. तिच्या सरांनाही हे इतक्या चटकन समजलं नव्हतं, पण सरांना त्या वेळी रागावून समजावलं होतं हेही खरं.

ती स्क्रीनपाशी गेली आणि मास्तर एकटे उरले. थोडा वेळ ते ताठ बसले. पुढ्यातून, घोट्याच्या जरा वर येईल एवढ्या उंचीवरून, एक जाड पाइप जात होता. पलीकडच्या खोलीत फ्रिजचा पंप होता. त्याला जोडलेला हा पाइप भिंतीतून इकडे येई आणि फ्रिजला जाऊन मिळे. पंपाबरोबर तोही अखंड थरथरत असे. त्याच्यावर 'स्पर्श करू नये' अशी पाटी होती. जन्मभर मैदानावर उभं राहून मास्तरांचे तळवे कायम ठणकत. घरात ते कुणाला सांगत नसत, कारण पाय दुखतात म्हणणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यात कधी दया दाखवली नव्हती. त्यांनी पाइपाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, कपाटाआडून कुणी बघत नाही ना हेही पाहिलं. मग बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही पाय हळूच पाइपावर ठेवले.

असं सुख त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. ती बारीक थरथर तळव्यांतून पोटऱ्यांत शिरली, पोटऱ्यांतून गुडघ्यांत, आणि बघता बघता ड्रिलमास्तरांचा डोळा लागला.

इकडे सुनेने चहाचा घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. स्क्रीनवरची खरखर बसली होती. सपाट रेघ, मग एक सुबक उंचवटा, पुन्हा सपाट रेघ. इलेक्ट्रॉन बाहेर गेला, नवीन आत आला. वर, खाली, खाली, वर. इतका स्वच्छ स्पिन ती स्वतःच्या यंत्रावर पहिल्यांदाच पाहत होती. तिने सरांना फोन केला आणि सर अर्धी मीटिंग टाकून धावत आले. त्यांच्या बुटांचा आवाज आल्याबरोबर कपाटाआड मास्तरांचे पाय झटकन खाली आले. सर स्क्रीनसमोर उभे राहिले तेव्हा तिथे नेहमीची खरखर होती.

"आत्ता होतं, सर. खरंच होतं."

"असतं असं," सर मायेने म्हणाले. "मलाही कधी कधी दिसतं."

पण सर गेले आणि स्पिन परत आला. संध्याकाळी मास्तर उठून डबा धुवायला गेले तर स्पिन गेला. दुसऱ्या दिवशी मास्तर मित्राकडे गेले होते, तर दिवसभर खरखर. तिसऱ्या दिवशी ते आले आणि पुन्हा रेघ कशी आरशासारखी. आता सून काही खुळी नव्हती. तिने सरांना जे दिसत होतं ते सांगितलं, आणि सांगताना तिचे कान लाल झाले.

सरांची ख्याती अशी, की ते घड्याळातली वेळसुद्धा दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघत. त्यांनी पद्धतशीर चाचण्या घेतल्या. मास्तरांच्या वजनाइतकं सामान खुर्चीवर ठेवून पाहिलं. खरखर. सुनेच्या नवऱ्याला रजा घ्यायला लावून खुर्चीत बसवलं. तो दिवसभर पाय जुळवून मोबाइल बघत बसला. खरखर. शेवटी सर स्वतः बसले. तेव्हा तर नेहमीपेक्षाही जास्त खरखर आली, आणि ती निरीक्षणं सरांनी अपवाद म्हणून बाजूला काढली. मास्तर बसले की मात्र स्पिन हजर.

"ते बसतात म्हणजे नेमकं काय करतात, ते बघायला हवं," सर म्हणाले आणि कपाटाकडे निघाले.

पाऊल वाजलं. पाय खाली.

"गेला, सर," सून स्क्रीनपासून ओरडली.

सर परत फिरले. पाय वर.

"आला."

सर पुन्हा कपाटापाशी गेले आणि त्यांनी हळूच मान पुढे काढली. मास्तर ताठ बसून समोर भिंतीकडे पाहत होते. बूट खुर्चीखाली होते, पण सरांची नजर अशा गोष्टींवर कधीच नसे.

"गेला."

असं पाच-सहादा झालं. सर हळूहळू स्क्रीनपाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं, आणि सुनेला त्या तेजाची भीती वाटली. कारण यापूर्वी ते दिसलं तेव्हा एक पंप जळाला होता.

"मॅडम, लक्षात येतंय का? आपण त्यांच्याकडे बघितलं की बिघडतंय. निरीक्षण केलं की अवस्था बदलते."

"सर, ते इलेक्ट्रॉनच्या बाबतीत. बाबा इलेक्ट्रॉन नाहीत. ते पोळ्या खातात."

"कारण मागाहून शोधू. ज्या स्थितीत यंत्र चालतं ती स्थिती आधी जपायची. हाच तर आपला नियम." सरांनी खोलीभर नजर फिरवली. "पडदा लावा."

नियम खरोखरच होता. तिथे एकदा यंत्र नीट चालू लागलं की कोणी खुर्चीसुद्धा हलवत नसे. एकाने निरीक्षणं चांगली आली त्या दिवशी घातलेला स्वेटर भर उकाड्यात आठवडाभर अंगातून काढला नव्हता, आणि कुणी त्याला हसलंही नव्हतं. तेव्हा पडदा लागला. रंगकामासाठी बैठकीतले पडदे काढलेलेच होते. त्यातला मोठ्या फुलांचा एक सुनेने आणला आणि कपाटापासून भिंतीपर्यंत टांगला. आता मास्तरांकडे कोणी बघायचं नाही, असा सरांचा हुकूम झाला.

यापेक्षा चांगलं मास्तरांना काय हवं होतं? सकाळी सर स्वतः दारापर्यंत सामोरे जात. "या मास्तर, झोप झाली ना नीट?" असं विचारत. मास्तरांनी एक उशी मागितली, ती आली. पाठीला आधार मागितला, तोही आला. ते पडद्याआड जात, बूट काढत, आणि थोड्याच वेळात फुलांच्या पडद्यामागून संथ घोरणं सुरू होई. इकडे सून वर-खाली, वर-खाली मोजत राही. संध्याकाळी बागेतल्या बाकावर मास्तर आपल्या मंडळींना सांगत, "माझ्याशिवाय इलेक्ट्रॉन ऐकत नाही. शेवटी शिस्त लागते."

घरी रंग होऊन वाळलाही, पण सासूबाईंनी पडदा परत मागितला नाही आणि मास्तरही मागितले नाहीत. "राहू देत तिकडेच," त्या सुनेला म्हणाल्या. "विज्ञानाच्या आड कशाला यायचं?" दुपारी त्या आता पाय पसरून, मोठ्या आवाजात रेडिओ ऐकत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी ताठ बसायला सांगत नव्हतं.

एक खिळा मात्र मास्तरांच्या मनात टोचत होता. पाटी वाचूनही ते रोज पाइपावर पाय ठेवत होते. शाळेत एखाद्या पोराने हे केलं असतं तर त्याला त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं असतं. सुनेचं काम चाललंय ते आपल्या पायगुणाने, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, पण त्याच पायांनी पाइप आतून हळूहळू झिजत असेल, सांधे सैल होत असतील, आणि एके दिवशी सगळं यंत्र बसेल, अशीही धास्ती होती. एकदा सुनेने जेवताना विचारलंच, "बाबा, तुम्ही तिथे नक्की काय करता?"

"बसतो."

"आणखी?"

"शिस्तीत बसतो," मास्तर म्हणाले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. सुनेने पाणी पुढे केलं. तिचं ते काळजीने पाणी देणं त्यांना फार लागलं. तपासणीच्या दिवशी तरी पाइपाला पाय लावायचा नाही, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

तपासणीच्या दिवशी मास्तर जुना ड्रिलचा पांढरा पोशाख इस्त्री करून, नवे बूट घालून आले. सरांनी टाय लावला होता. सून सकाळपासून काही खाऊ शकली नव्हती. लेझरवाल्यांचे प्रमुख फ्रिज न्यायची ढकलगाडी घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात सहज म्हणून उभे होते. तपासनीस बाई आल्या त्या चांगल्या वयस्कर, ठेंगण्या आणि कमालीच्या दमलेल्या. सकाळपासून त्यांनी सगळी संस्था पायी पालथी घातली होती. या प्रांतात त्यांचा शब्द शेवटचा समजत. स्वतःच्या शिष्यांचेही फ्रिज त्यांनी गरम करायला लावले होते, असं सांगत.

"चालू द्या," त्या म्हणाल्या.

सुनेने मापन सुरू केलं. पडद्याआड मास्तर सावधान स्थितीत बसले होते. टाचा जुळलेल्या, पाय जमिनीवर, नजर समोर. स्क्रीनवर खरखर उठली आणि उठतच राहिली.

सर खाकरले. "मॅडम, एक विनंती. आपण सगळ्यांनी पडद्याकडे पाठ करून उभं राहू या."

"का?"

सरांनी कारण सांगायला सुरुवात केली. सांगताना त्यांनी तीन वेळा 'निरीक्षण' म्हटलं, दोन वेळा 'गूढ' म्हटलं, आणि शेवटी पडद्यामागे कोण आहे तेही सांगावंच लागलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. सून जमिनीकडे पाहत होती. आयुष्यात तिला पहिल्यांदाच लेझर आवडू लागले होते.

"इलेक्ट्रॉनकडे बघितलं तर इलेक्ट्रॉनचा स्पिन बिघडेल," बाई म्हणाल्या. "हिच्या सासऱ्यांकडे बघितलं तर तो कसा बिघडेल? पडदा काढा."

पडदा सरकला. मोठ्या फुलांमागून पांढऱ्या पोशाखातले मास्तर प्रकट झाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. खरखर होती तशीच होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. सुनेला कळून चुकलं, की आता त्या काय बोलणार ते ठरलेलं आहे आणि ते सभ्यपणे कसं बोलायचं एवढ्याचाच विचार चालू आहे.

"मुली, मेहनत दिसते आहे," बाई म्हणाल्या. "पण फ्रिज एकच आहे. मी लेझर विभागाला—"

"थांबा," मास्तर उठून उभे राहिले. आवाज तोच मैदानावरचा होता, पण जरा कापत होता. "तिचा दोष नाही. यंत्र मी बिघडवलंय."

त्यांनी पुढ्यातल्या पाइपाकडे बोट दाखवलं.

"या पाइपावर मी रोज पाय ठेवत होतो. पाटी वाचून ठेवत होतो. हिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तळवे फार दुखतात माझे आणि इथे बरं वाटायचं, म्हणून ठेवत होतो. कोणी आलं की खाली घ्यायचो." मास्तरांनी सुनेकडे पाहिलं नाही. "ही पोर वर्षानुवर्षं यामागे खपलीय. मला काय शिक्षा करायची ती करा. तिचं यंत्र काढून घेऊ नका."

सुनेला सासऱ्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. हा माणूस चार लोकांत पाय दुखतात असं म्हणाला, हे सासूबाईंना सांगितलं असतं तरी पटलं नसतं. सरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. गूढ त्यांच्या डोळ्यांदेखत बूट घालून उभं होतं.

बाई पाइपाजवळ गेल्या. त्यांनी बोटाच्या टोकाने त्याची थरथर पाहिली.

"बूट घालून ठेवत होता?"

"छे. एवढी रीत आहे मला. मोजेसुद्धा काढायचो."

"काढा."

"आं?"

"मोजे काढा आणि बसा. रोज जसे ठेवता तसे पाय ठेवा."

मास्तर बसले. शिक्षा सुरू झाली असं समजून त्यांनी खाली मान घालून बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि दोन्ही पाय पाइपावर टेकवले. सुनेने स्क्रीनकडे पाहिलं. खरखर खाली बसली. सपाट रेघ. मग एक उंचवटा, अगदी सुबक. पुन्हा सपाट.

"उचला," बाई म्हणाल्या. खरखर. "ठेवा." स्पिन. हे त्यांनी इतक्या वेळा करून घेतलं की मास्तरांना कवायत घेतल्यासारखं वाटलं, फक्त शिट्टी दुसऱ्याकडे होती.

"पंपाची थरथर या पाइपातून फ्रिजमध्ये जाते आणि तिथून तुमच्या तारांत," बाई सुनेला म्हणाल्या. "यांचे पाय ती वाटेतच खाऊन टाकतात. दुसरं काही नाही."

"म्हणजे निरीक्षणाचा..." सरांनी आशेने सुरुवात केली.

"नाही."

"थोडाही..."

"नाही." बाई आता हसत होत्या. "वाळूचं एक पोतं पाइपावर टाका म्हणजे झालं. यांना कशाला अडकवून ठेवता? घरी जाऊ द्या बिचाऱ्यांना."

सुटका झाली म्हणून मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. पण पोतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. इतके दिवस आपण जे केलं ते वाळूलाही जमतं, हे पचायला जरा जड होतं. सुनेच्या ते लक्षात आलं, पण तिचं सगळं लक्ष बाईंकडे लागलं होतं. फ्रिजचं काय, ते बाईंनी अजून सांगितलं नव्हतं.

"निर्णय सांगते," बाई म्हणाल्या. "पण त्याआधी एक. तुमच्यावर अविश्वास नाही, पण हा परिणाम यांच्याच पायांचा आहे की कुणाच्याही, ते बघायला हवं. मी तपासनीस आहे. खुर्ची आणा."

मास्तरांच्या शेजारी दुसरी खुर्ची आली. बाईंनी चपला काढल्या. दिवसभराच्या पायपिटीने त्यांचे पाय सुजले होते. त्यांनी ते पाइपावर ठेवले आणि त्यांच्या तोंडून आपसूक "अगं बाई" निघालं.

"जरा पुढे घ्या," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "टाचेच्या वर. तिथे थरथर जास्त लागते."

"इथे?"

"हां. आता डोळे मिटा. उघडे ठेवून तेवढं कळत नाही."

सुनेने स्क्रीनकडे पाहिलं. रेघ आणखी नितळ झाली होती. आजवर जो उंचवटा अंदाजाने ओळखावा लागे, तो आता लांबूनही दिसत होता. तिने मागे वळून काही सांगायला तोंड उघडलं, तर दोन्ही खुर्च्यांतून घोरणं ऐकू येत होतं. एक मास्तरांचं ओळखीचं. दुसरं जरा बारीक, पण ठाम.

"उठवा त्यांना," सर कुजबुजले. "निर्णय राहिलाय."

"सर, हात लावू नका," सून म्हणाली. "आधी हे बघा." सरांनी स्क्रीन पाहिली आणि कुणाला उठवायची गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट पावलांचा आवाज नको म्हणून त्यांनी स्वतःचे बूट काढून दाराबाहेर ठेवले.

वर, खाली, खाली, वर. जी निरीक्षणं जमवायला तिने आणखी एक वर्ष मागितलं असतं, ती ओळीने येत होती. लेझरवाल्यांचे प्रमुख मध्येच दार लोटून डोकावले. "झालं का? गाडी आणू?" असं ते म्हणणार होते, पण सुनेने ओठांवर बोट ठेवलं आणि सरांनी बोटाने खुर्च्या दाखवल्या. अख्ख्या क्षेत्राला धाकात ठेवणाऱ्या बाई, अनवाणी, तोंड जरा उघडं टाकून झोपल्या होत्या. लेझरवाले चवड्यांवर मागे गेले. त्यांची ढकलगाडी कुरकुरत होती, म्हणून ती त्यांनी उचलून नेली.

उन्हं कलल्यावर बाईंनी डोळे उघडले. पहिल्यांदा छत पाहिलं, मग स्वतःचे पाय, मग शेजारचे मास्तर.

"मी डोळे मिटून विचार करत होते," त्या म्हणाल्या.

"हो तर," सर म्हणाले.

सुनेने त्यांच्यासमोर दुपारभराची निरीक्षणं धरली. बाईंनी ती नीट पाहिली, परत पाहिली, आणि मग कुठे त्यांना उमगलं, की जे आपण तपासायला आलो होतो ते आपल्याच पायांनी पुरं झालं आहे. आता ते चांगलं नाही असं म्हणायची त्यांना सोय राहिली नव्हती. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जागे झाले होते आणि भिंतीकडे बघत अगदी निर्विकार बसले होते.

"फ्रिज हिच्याकडेच राहील," बाई म्हणाल्या. "गरम करायचं कारण दिसत नाही."

सुनेने बाईंचे आभार मानले. मास्तरांनी बसल्या जागेवरून हात लांब करून तिच्या पाठीवर थोपटलं. चांगली कवायत करणाऱ्या मुलांनाही त्यांनी आजवर मान हलवण्यापलीकडे काही दिलं नव्हतं.

"आणि मॅडम, ते पोतं?" सरांनी विचारलं. "उद्याच मागवतो."

बाई चपलांत पाय सरकवत होत्या. डावा गेला, उजवा जरा घुटमळला. "पोतं आणायचंच आहे," त्या म्हणाल्या, "पण घाई नको. स्थिती बदलण्यापूर्वी आणखी एक तपासणी व्हायला हवी."

"पुढच्या वर्षी?"

"उद्या," बाई म्हणाल्या. "जेवण झाल्यावर."